व्हीलॅन आणि स्पॅनिंग ट्री: रूट स्विच तुम्ही ठरवा, नेटवर्कवर सोडू नका

दोन स्विचमध्ये एकच केबल असली की ती तुटल्यावर नेटवर्क तुटतं. म्हणून आपण दुसरी केबल टाकतो, आणि त्याच क्षणी लूप तयार होतो. आयपी पाकिटात 'इतक्या राउटरनंतर फेकून द्या' असा आकडा असतो. इथरनेट फ्रेममध्ये तसलं काही नसतं. लूपमध्ये शिरलेली ब्रॉडकास्ट फ्रेम फिरतच राहते, फिरताना तिच्या प्रती वाढत जातात आणि काही सेकंदांत लिंक तुडुंब भरतात. मॅक टेबलचाही (कोणत्या मॅक पत्त्याचं, म्हणजे हार्डवेअर पत्त्याचं, मशीन कोणत्या पोर्टवर आहे याची स्विचमधली यादी) बोजवारा उडतो, कारण एकच मशीन आत्ता या पोर्टवर तर लगेच त्या पोर्टवर दिसू लागतं.

यावरचा उपाय, म्हणजे स्पॅनिंग ट्री (एसटीपी), रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करताना शोधला. १९९० मध्ये तो आयईईई ८०२.१डी या नावाने प्रमाणित झाला. स्विच एकमेकांना बीपीडीयू नावाचे छोटे संदेश पाठवतात, एकाला रूट, म्हणजे झाडाचं मूळ, मानतात, प्रत्येकजण रूटपर्यंतचा स्वस्तातला मार्ग ठेवतो आणि उरलेले मार्ग अडवून ठेवतो. व्हीलॅनचं, म्हणजे त्याच स्विचवर चालणाऱ्या वेगवेगळ्या आभासी नेटवर्कांचं, प्रमाणक, ८०२.१क्यू, आलं १९९८ मध्ये. म्हणजे झाडाची कल्पना रचली गेली तेव्हा एका केबलवरून अनेक नेटवर्कं जातील हा विचारच नव्हता. झाड ठरवतो एकजण आणि कोणता व्हीलॅन कुठून जाईल हे ठरवतो दुसराच. आजच्या बहुतेक अडचणी या फटीतूनच येतात, आणि खालच्या सगळ्या पायऱ्यांचा उद्देश ही फट बुजवणं हाच आहे.

आज्ञा सिस्को आयओएसच्या आहेत. इथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. स्विचवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या. दुसऱ्या कंपनीचा स्विच असेल तर शब्द बदलतील, पण क्रम हाच राहील.

आधी कागद

उदाहरणासाठी पाच स्विच घेऊ. डी१ आणि डी२ हे वरचे, म्हणजे डिस्ट्रिब्युशनचे स्विच. त्यांच्यामध्ये १० गिगाबिटच्या दोन केबल आहेत. खाली अ१, अ२ आणि अ३ हे अ‍ॅक्सेस स्विच. प्रत्येकाची एक गिगाबिटची एक केबल डी१ला आणि एक डी२ला जाते. व्हीलॅन असे: १० कर्मचारी, २० फोन, ३० कॅमेरे, ४० पाहुणे, ९९ स्विचच्या व्यवस्थापनासाठी, आणि ९९९ हा ट्रंकवरचा (अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या लिंकवरचा) रिकामा नेटिव्ह व्हीलॅन, म्हणजे ज्याच्या फ्रेमवर व्हीलॅन क्रमांक लिहिला जात नाही तो.

हे चित्र कागदावर काढा आणि प्रत्येक व्हीलॅनसमोर तीन गोष्टी लिहा: रूट कोण, पर्यायी रूट कोण, आणि नेहमीच्या दिवशी कोणती लिंक अडवलेली असेल. तिसरा रकाना बहुतेक लोक भरत नाहीत. तो भरला नसेल तर पुढे स्विचने दाखवलेलं चित्र बरोबर की चूक हे कशाच्या आधारावर सांगणार?

आपण असं ठरवू: १ (हा स्विचवर मुळातच असतो; तो यादीत का, ते पुढे येईल), १०, ३०, ९९ आणि ९९९ यांचा रूट डी१, २० आणि ४० यांचा रूट डी२. एकाचा रूट तो दुसऱ्याचा पर्यायी. त्या व्हीलॅनचा गेटवेही (व्हीलॅनबाहेर जायचा दरवाजा) त्याच स्विचवर सक्रिय ठेवा. रूट डी१वर आणि गेटवे डी२वर असेल तर प्रत्येक पाकीट आधी डी१कडे चढतं, मग मधली लिंक ओलांडून डी२कडे जातं. चालतं सगळं, पण मधल्या लिंकवर विनाकारण भार पडतो आणि कुणी शोधायला गेल्यावर कारण पटकन सापडत नाही.

रूट स्वतः का ठरवायचा? प्रत्येक स्विचचा ब्रिज आयडी दोन तुकड्यांचा असतो: प्रायॉरिटी आणि मॅक पत्ता. ज्याचा आकडा लहान तो रूट. सगळ्यांची मूळ प्रायॉरिटी ३२७६८ असते, म्हणून काहीच बदललं नाही तर निकाल मॅक पत्त्यावर लागतो. एकाच कंपनीच्या स्विचांत लहान मॅक पत्ता अनेकदा जुन्या स्विचचा असतो. थोडक्यात, कोपऱ्यातल्या कपाटातला सर्वांत जुना, सर्वांत मंद स्विच सगळ्या नेटवर्कचा मुख्य होऊन बसतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. नेटवर्क चालू असतं, म्हणून कुणी बघत नाही.

कोणती पद्धत वापरायची

मूळ एसटीपी आता नको. त्यात लिंक तुटल्यावर नवा मार्ग सुरू व्हायला ३० ते ५० सेकंद लागतात: जुनी माहिती टाकून देण्यासाठी २० सेकंद, मग ऐकण्यात १५ आणि शिकण्यात १५. आरएसटीपी, म्हणजे २००१ चं ८०२.१डब्ल्यू, शेजारच्या स्विचशी थेट प्रस्ताव-संमतीची देवाणघेवाण करतं आणि हेच काम साधारणपणे एका सेकंदाच्या आत उरकतं. मात्र त्यासाठी लिंक फुल डुप्लेक्स, म्हणजे एकाच वेळी दोन्ही दिशांनी चालणारी, हवी. हाफ डुप्लेक्सवर गेलेली लिंक सामायिक मानली जाते आणि तिथे जुन्याच गतीने काम चालतं.

खरी निवड दोघांतच आहे. रॅपिड पीव्हीएसटी प्लस ही सिस्कोची पद्धत प्रत्येक व्हीलॅनसाठी वेगळं झाड चालवते. समजायला सोपी, तपासायला सोपी. एमएसटी, म्हणजे मूळचं ८०२.१एस, अनेक व्हीलॅन एका झाडाला बांधतं. व्हीलॅन पंधरा-वीस असतील आणि सगळे स्विच एका कुळातले असतील तर मी डोळे झाकून रॅपिड पीव्हीएसटी निवडेन. व्हीलॅन शेकड्यांत गेले की हिशेब बदलतो. २०० व्हीलॅन आणि २० ट्रंक असलेला स्विच दर दोन सेकंदांनी ४००० बीपीडीयू पाठवू शकतो. शिवाय स्विचला किती झाडं पेलतात यालाही मर्यादा असते. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६० सारख्या स्विचवर ती १२८ आहे. १२९ वा सक्रिय व्हीलॅन तयार होतो, चालतोही, पण त्याच्यासाठी स्पॅनिंग ट्री धावत नाही. लॉगमध्ये एक ओळ येते आणि ती कुणी वाचत नाही.

व्हीलॅन आणि ट्रंक

प्रत्येक स्विचवर आधी पद्धत आणि खर्च मोजण्याची रीत:

स्पॅनिंग-ट्री मोड रॅपिड-पीव्हीएसटी
स्पॅनिंग-ट्री पाथकॉस्ट मेथड लाँग

चालू नेटवर्कवर मोड बदलताना झाड नव्याने बांधलं जातं, म्हणून हे काम ठरवलेल्या वेळेतच करा. खर्चाची दुसरी ओळ सगळ्या स्विचवर सारखी हवी. जुन्या छोट्या मापात १०० मेगाबिटचा खर्च १९, एक गिगाबिटचा ४ आणि १० गिगाबिटचा २ असतो. त्यापुढे आकडेच उरत नाहीत. लांब मापात एक गिगाबिटला २००००, १० गिगाबिटला २०००. निम्मे स्विच छोट्या मापात आणि निम्मे लांब मापात राहिले तर ४ आणि २०००० यांची बेरीज होऊ लागते आणि झाड वेड्यासारखं वाकडं जातं.

व्हीलॅन तयार करणं सोपं आहे:

व्हीलॅन १०
 नेम कर्मचारी

नाव मात्र स्विचवर रोमन अक्षरांतच द्या. व्हीलॅन यादी आपोआप पसरवणारं व्हीटीपी वापरायचं कारण नसेल तर ते ट्रान्सपरंट ठेवा; जास्त रिव्हिजन क्रमांक घेऊन आलेला एखादा जुना स्विच सगळ्यांची यादी पुसू शकतो.

डी१ आणि डी२ यांच्यातल्या दोन केबल एका पोर्ट-चॅनेलमध्ये बांधा. स्पॅनिंग ट्रीला ती एकच लिंक दिसते, त्यामुळे दोन्ही केबल वापरात राहतात आणि एक तुटली तरी झाड हलत नाही:

इंटरफेस रेंज टेनगिगाबिटइथरनेट १/०/१ - २
 चॅनेल-ग्रुप १ मोड अ‍ॅक्टिव्ह

'मोड अ‍ॅक्टिव्ह' म्हणजे एलएसीपी: दोन्ही टोकं आधी एकमेकांशी बोलून चॅनेल बांधतात. 'मोड ऑन' टाळा. त्यात समोरच्याने चॅनेल बांधलंय का हे कुणी विचारत नाही, आणि एका बाजूला चॅनेल व दुसऱ्या बाजूला दोन सुट्या केबल अशी अवस्था आली तर लूप व्हायला वेळ लागत नाही.

मग ट्रंक:

इंटरफेस पोर्ट-चॅनेल १
 स्विचपोर्ट मोड ट्रंक
 स्विचपोर्ट ट्रंक नेटिव्ह व्हीलॅन ९९९
 स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन १,१०,२०,३०,४०,९९,९९९
 स्विचपोर्ट नोनिगोशिएट

अ‍ॅक्सेस स्विचकडे जाणाऱ्या ट्रंकवरही हेच. अलाउड यादी दोन्ही टोकांना सारखी हवी. आणि पुढे नवा व्हीलॅन जोडताना 'अ‍ॅड' हा शब्द विसरू नका: 'अलाउड व्हीलॅन अ‍ॅड ५०'. 'अ‍ॅड' न लिहिता नुसतं ५० दिलं की जुनी यादी जाते आणि ट्रंकवर फक्त ५० उरतो. दूरच्या स्विचवर काम करत असाल तर त्याच क्षणी तुमचा संपर्कही तुटतो.

दोन टोकांना नेटिव्ह व्हीलॅन वेगळा असेल तर पीव्हीएसटी ते ओळखतं, कारण त्याच्या बीपीडीयूमध्ये व्हीलॅन क्रमांक लिहिलेला असतो. जुळलं नाही की ट्रंकवर ते व्हीलॅन अडवले जातात. हा त्रास वाटतो, पण खरं तर उपकार आहे. तो नसता तर दोन व्हीलॅन गुपचूप एकमेकांत मिसळले असते.

रूट ठरवणं

डी१वर:

स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १,१०,३०,९९,९९९ प्रायॉरिटी ४०९६
स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन २०,४० प्रायॉरिटी ८१९२

डी२वर याच्या उलट.

प्रायॉरिटी ४०९६च्या पटीतच का द्यावी लागते? मूळ प्रमाणकात या आकड्याला १६ बिट होते. व्हीलॅन आल्यावर त्यातले १२ बिट व्हीलॅन क्रमांकाला दिले गेले आणि प्रायॉरिटीसाठी वरचे चारच उरले. म्हणून ० ते ६१४४० मध्ये फक्त सोळा किमती शक्य आहेत. याचमुळे व्हीलॅन १० साठी ४०९६ दिल्यावर स्विच ४१०६ दाखवतो, आणि काहीच न बदललेला स्विच ३२७७८. हे आकडे ओळखीचे झाले की कोणत्या स्विचला हात लावलाय आणि कोणता तसाच राहिलाय हे एका नजरेत कळतं.

'रूट प्रायमरी' अशीही एक सोपी आज्ञा आहे. ती मी वापरत नाही. ती दिली त्या क्षणी सध्याचा रूट बघते, त्याच्यापेक्षा लहान आकडा लिहिते आणि संपते. बहुतेक वेळा २४५७६. उद्या कुणी त्याहून लहान आकड्याचा स्विच लावला तर ती पुन्हा जागी होत नाही. नाव मात्र असं की वाचणाऱ्याला कायमची हमी वाटावी. आकडा स्वतः लिहिलेला बरा.

झाड हाताने मोजा

स्विचला विचारण्याआधी एकदा स्वतः मोजा. व्हीलॅन १० चा रूट डी१. अ१ला दोन मार्ग आहेत. थेट डी१ला: खर्च २००००. डी२मार्गे: २०००० अधिक मधल्या चॅनेलचा खर्च, जो २० गिगाबिटसाठी १०००, म्हणजे २१०००. थेट मार्ग स्वस्त, म्हणून डी१कडचा पोर्ट रूट पोर्ट, म्हणजे रूटकडे जाणारा.

आता अ१ आणि डी२ यांच्यातली लिंक. त्या लिंकवर रूटच्या जास्त जवळ कोण? डी२चा खर्च १०००, अ१चा २००००. डी२ जिंकला, त्याचा पोर्ट डेझिग्नेटेड, म्हणजे त्या लिंकवर फ्रेम पुढे नेणारा. अ१चा त्या बाजूचा पोर्ट अल्टरनेट, म्हणजे अडवलेला. व्हीलॅन २० साठी हेच चित्र आरशात दिसल्यासारखं उलटं होतं: तिथे अ१चा डी१कडचा पोर्ट अडतो. दोन्ही केबल कामाला लागल्या, फक्त वेगवेगळ्या व्हीलॅनसाठी.

खर्च सारखा आला तर पंच असे: आधी समोरच्याचा ब्रिज आयडी, मग समोरच्याच्या पोर्टचा आयडी. 'समोरच्याच्या' या शब्दाकडे लक्ष द्या. दोन स्विचमध्ये दोन सुट्या समांतर केबल असतील आणि एका व्हीलॅनला दुसरी केबल द्यायची असेल, तर पोर्ट प्रायॉरिटी वरच्या, रूटच्या बाजूच्या स्विचवर बदलावी लागते. खालच्या स्विचवर ती कितीही बदला, तिथल्या निवडीवर काही फरक पडत नाही. खर्चाचं उलट आहे. तो बीपीडीयू आत घेणारा स्विच स्वतःच्या पोर्टचा जोडतो, म्हणून तो खालच्या स्विचवर बदलायचा:

इंटरफेस गिगाबिटइथरनेट १/०/४८
 स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन ४० कॉस्ट ४००००

टायमरना हात लावू नका. हॅलो दोन सेकंद, मॅक्स एज वीस, फॉरवर्ड डिले पंधरा, हे आकडे टोकापासून टोकापर्यंत सात स्विचच्या नेटवर्कचा हिशेब करून ठरवलेले आहेत. वेग आरएसटीपी देतंच. टायमर कमी करून फक्त अस्थिरता मिळते.

कडेचे पोर्ट

संगणक, फोन, प्रिंटर जिथे लागतात ते पोर्ट लगेच सुरू व्हायला हवेत, नाहीतर मशीन चालू होऊन पत्ता मागतं तेव्हा पोर्ट अजून ऐकत-शिकत बसलेला असतो. आरएसटीपीमध्येही हे आपोआप होत नाही, कारण संगणक प्रस्तावाला संमती देत नाही. पोर्ट कडेचा आहे हे सांगावंच लागतं. अ१, अ२, अ३वर:

स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट डीफॉल्ट
स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट बीपीडीयूगार्ड डीफॉल्ट

नव्या आयओएसमध्ये पोर्टफास्टच्या जागी 'पोर्टफास्ट एज' लिहावं लागतं. ही आज्ञा फक्त अ‍ॅक्सेस पोर्टना लागू होते, ट्रंकना नाही. आभासी मशीनं चालवणारा सर्व्हर ट्रंकवर असेल तर त्या पोर्टवर 'स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट ट्रंक' वेगळं द्या. पण दुसरा स्विच असलेल्या ट्रंकवर ते चुकूनही नको.

पोर्टफास्टमुळे स्पॅनिंग ट्री बंद होत नाही, फक्त वाट बघणं वगळलं जातं. म्हणूनच सोबत बीपीडीयू गार्ड लागतो. टेबलाखाली कुणी छोटा स्विच लावला आणि त्यातून बीपीडीयू आला की पोर्ट लगेच एररडिसेबल होतो, म्हणजे स्विच तो बंद करतो. स्वस्तातले साधे स्विच स्वतः बीपीडीयू पाठवत नाहीत, पण त्यांच्यात लूप झाला की बऱ्याच जणांतून तुमचेच बीपीडीयू फिरून परत येतात आणि गार्ड तेव्हाही पकडतो. पोर्ट आपोआप परत सुरू व्हावा असं वाटत असेल तर:

एररडिसेबल रिकव्हरी कॉज बीपीडीयूगार्ड
एररडिसेबल रिकव्हरी इंटर्व्हल ३००

नावात साम्य असलेला बीपीडीयू फिल्टर ही वेगळीच चीज आहे. पोर्टवर थेट दिला तर तो बीपीडीयू पाठवतही नाही आणि आलेले घेतही नाही. म्हणजे त्या पोर्टपुरतं स्पॅनिंग ट्री संपलं. 'लॉगमधला गोंगाट थांबवायला' म्हणून तो दिला जातो आणि लूप लागल्यावर सगळ्यांत शेवटी सापडतो.

रूट गार्ड आणि लूप गार्ड

रूट गार्ड डी१ आणि डी२च्या खाली जाणाऱ्या पोर्टवर:

इंटरफेस रेंज गिगाबिटइथरनेट १/०/१ - ३
 स्पॅनिंग-ट्री गार्ड रूट

खालून 'मी तुमच्यापेक्षा सरस (लहान आकड्याचा) रूट' असा बीपीडीयू आला की पोर्ट रूट-इनकन्सिस्टंट होऊन अडतो, आणि तो दावा थांबला की आपोआप सुटतो. डी१ आणि डी२ यांच्या मधल्या चॅनेलवर तो देऊ नका. तिथे रूटचे बीपीडीयू येणं हे रोजचं काम आहे.

यातली एक खाच मात्र माहीत हवी. समजा मधलं चॅनेल पूर्ण तुटलं. डी२ला आता डी१ची खबर फक्त खालून, अ१ किंवा अ२मधून येऊ शकते. ती खबर चांगलीच आहे, पण रूट गार्डच्या नजरेत खालून आलेला सरस रूट म्हणजे घुसखोर. तो पोर्ट अडवतो आणि व्हीलॅन १० साठी डी२ एकटा पडतो. अ‍ॅक्सेस स्विचना दोन्हीकडे केबल असल्याने ते डी१वर चालत राहतात. पण एखादा सर्व्हर फक्त डी२ला लावलेला असेल तर तो त्या व्हीलॅनमधून गायब होतो. म्हणून मधल्या लिंकच्या दोन केबल वेगवेगळ्या मार्गांनी टाका, आणि स्विचमध्ये वेगवेगळी कार्डं असतील तर वेगवेगळ्या कार्डांवर घ्या. ते शक्य नसेल तर रूट गार्डबद्दल पुन्हा विचार करा.

लूप गार्डचा रोग वेगळा आहे. अडवलेला पोर्ट अडून राहतो तो समोरून बीपीडीयू येत असल्यामुळे. फायबरचा एकच धागा बिघडला, जाणं चालू आणि येणं बंद झालं, तर त्या पोर्टला वाटतं समोर कुणी नाही, आणि तो उघडतो. लूप तयार. लूप गार्ड अशा पोर्टला उघडू देत नाही. अ‍ॅक्सेस स्विचच्या अपलिंकवर (डी१-डी२कडे जाणाऱ्या लिंकवर) द्या:

स्पॅनिंग-ट्री गार्ड लूप

एका पोर्टवर रूट गार्ड आणि लूप गार्ड एकत्र चालत नाहीत, म्हणून वर डी१-डी२च्या बाजूला एक आणि अ१-अ२-अ३च्या बाजूला दुसरा अशी वाटणी. फायबरवर सोबत यूडीएलडीही (एकाच दिशेने चालणारी लिंक ओळखणारी सोय) लावा.

पडताळणी

आता कागद हातात घ्या. अ१वर:

शो स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १०

वरच्या भागात रूटची प्रायॉरिटी ४१०६ आणि डी१चा मॅक पत्ता दिसायला हवा, खर्च २००००. खालच्या तक्त्यात डी१कडचा पोर्ट रूट आणि फॉरवर्डिंग, डी२कडचा अल्टरनेट आणि ब्लॉकिंग. प्रकाराच्या रकान्यात पी२पी हवं. तिथे शेअर्ड दिसलं तर डुप्लेक्स तपासा. कडेच्या पोर्टसमोर एज हवं. 'पीअर एसटीपी' दिसलं तर समोरचा स्विच अजून जुन्या पद्धतीत आहे. त्याला बदलल्यानंतर 'क्लिअर स्पॅनिंग-ट्री डिटेक्टेड-प्रोटोकॉल्स' द्या.

सगळ्या व्हीलॅनचे रूट एकत्र बघायला 'शो स्पॅनिंग-ट्री रूट', अडवलेले पोर्ट बघायला 'शो स्पॅनिंग-ट्री ब्लॉक्डपोर्ट्स', गार्डने अडवलेले बघायला 'शो स्पॅनिंग-ट्री इनकन्सिस्टंटपोर्ट्स'. 'शो इंटरफेसेस ट्रंक'मध्ये शेवटचा भाग महत्त्वाचा: कोणते व्हीलॅन खरोखर फॉरवर्ड होतायत ते तिथे दिसतं.

मग केबल काढून बघा. एका संगणकावरून सतत पिंग चालू ठेवा आणि अ१ची डी१कडची केबल ओढा. एखादं पिंग हरवेल. तीस सेकंद गेले तर कुठेतरी जुनी पद्धत, हाफ डुप्लेक्स किंवा राहून गेलेला पोर्टफास्ट आहे. केबल परत लावतानाही पिंग बघा. काढताना सुरळीत आणि लावताना अडखळणारी नेटवर्कं असतात.

एमएसटी निवडलं तर

सगळ्या स्विचवर अक्षरशः सारखं लिहायचं:

स्पॅनिंग-ट्री एमएसटी कॉन्फिगरेशन
 नेम कॅम्पस
 रिव्हिजन १
 इन्स्टन्स १ व्हीलॅन १०,३०,९९,१००-१९९
 इन्स्टन्स २ व्हीलॅन २०,४०,२००-२९९
 एक्झिट
स्पॅनिंग-ट्री मोड एमएसटी

नाव, रिव्हिजन आणि वाटणी, या तिन्हींपैकी एक जरी वेगळं असलं तरी तो स्विच वेगळ्या रीजनमध्ये (एमएसटी एकत्र चालवणाऱ्या स्विचांच्या गटात) जातो. लहान-मोठी अक्षरंही वेगळी धरली जातात. वाटणीचा गोषवारा 'शो स्पॅनिंग-ट्री एमएसटी कॉन्फिगरेशन डायजेस्ट'मध्ये दिसतो. पाचही स्विचवर तो तंतोतंत जुळायला हवा. वर १०० ते २९९ असे अजून न बनलेले व्हीलॅनही घातलेत ते मुद्दाम. नंतर वाटणी बदलली की बदल सगळ्या स्विचवर पोचेपर्यंत रीजन फुटलेलं राहतं, म्हणून पुढची जागा आधीच ठेवलेली बरी.

इन्स्टन्स म्हणजे एक झाड. रूट आता झाडागणिक: डी१वर 'स्पॅनिंग-ट्री एमएसटी ०,१ प्रायॉरिटी ४०९६' आणि 'एमएसटी २ प्रायॉरिटी ८१९२', डी२वर उलट. शून्य क्रमांकाचं झाड विसरू नका. ज्यांना कुठेच बसवलं नाही ते सगळे व्हीलॅन त्यात जातात आणि बाहेरच्या स्विचशी बोलणंही त्याच्यामार्फतच होतं. शेजारी रॅपिड पीव्हीएसटीचे स्विच असतील तर सगळ्या व्हीलॅनचे रूट एमएसटीच्या बाजूलाच ठेवा.

एमएसटीत सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक अलाउड यादीत असते. इन्स्टन्स १ ला तुमच्या ट्रंकच्या यादीशी काही देणंघेणं नाही. त्याने अ१-डी१ लिंक उघडी आणि अ१-डी२ अडवलेली ठेवली. आता कुणी 'भार वाटायचा' म्हणून व्हीलॅन ३० अ१-डी१च्या यादीतून काढला. झाडाच्या मते व्हीलॅन ३० चा मार्ग तोच आहे, पण ट्रंक त्याला जाऊ देत नाही, आणि जिथून जाऊ शकला असता ती लिंक अडवलेली. व्हीलॅन ३० बंद, बाकी सगळं हिरवंगार. रॅपिड पीव्हीएसटीत हे होत नाही, कारण तिथे झाडच व्हीलॅनचं असतं. एमएसटीत एका झाडातले सगळे व्हीलॅन त्या झाडाच्या सगळ्या ट्रंकवर ठेवा. भार वाटायचा तर झाडं बदलून वाटा.

दुसऱ्या कंपनीचा स्विच मध्ये आला तर

प्रमाणित आरएसटीपी चालवणाऱ्या स्विचला सिस्कोचे व्हीलॅनवार बीपीडीयू समजत नाहीत. ट्रंकवर सिस्को व्हीलॅन १ ची माहिती प्रमाणित पत्त्यावरही पाठवतो, तेवढीच त्या स्विचला कळते. बाकीच्या व्हीलॅनचे संदेश तो साध्या मल्टिकास्टसारखे पुढे ढकलतो. म्हणून तुमच्या नेटवर्कमध्ये व्हीलॅन १ वर एकही संगणक नसला तरी त्याचा रूट ठरवायचा आणि तो ट्रंकच्या यादीत ठेवायचा. वर यादीत १ होता तो यासाठी. ज्युनिपरकडे व्हीलॅनवार झाडांसाठी व्हीएसटीपी आहे. अनेक कंपन्यांचे स्विच कायम एकत्र राहणार असतील तर मात्र एमएसटीवर एकमत करणं सगळ्यांत कमी कटकटीचं.

लूप लागलाच तर

सगळ्या पोर्टचे दिवे एकाच लयीत लुकलुकतात, लॉगमध्ये मॅक पत्ता दोन पोर्टमध्ये उड्या मारताना दिसतो, स्विचचा सीपीयू चढतो आणि नेटवर्कवरून लॉगिन होत नाही. अशा वेळी डीबग सुरू करू नका, सीपीयूला ते झेपणार नाही. कन्सोल केबल लावा, किंवा सरळ जोडीतली दुसरी अपलिंक हाताने काढत चला: आधी अ३, मग अ२, मग अ१. जी काढल्यावर दिवे शांत होतात त्या स्विचखाली शोध घ्या. मॅक उड्यांच्या ओळीत दोन पोर्टची नावं असतात, त्यातला जो अपलिंक नाही तो पहिला संशयित.

फ्रेमचं असं वादळ नाही पण नेटवर्क अधूनमधून मंदावतं, हा प्रकार जास्त चिवट. तिथे 'शो स्पॅनिंग-ट्री डिटेल'मधला टोपॉलॉजी चेंजचा आकडा बघा. तो दर काही मिनिटांनी वाढत असेल तर झाड सतत हलतंय, आणि प्रत्येक हालचालीत मॅक टेबल पुसलं जाऊन फ्रेम सगळीकडे उधळल्या जातात. त्याच ओळीत बदल कोणत्या पोर्टवरून आला ते लिहिलेलं असतं. त्या पोर्टमागच्या स्विचवर जा, तीच आज्ञा द्या, पुढचा पोर्ट मिळेल. असं करत शेवटी बहुतेकदा एखाद्या संगणकाच्या पोर्टशीच पोचता, जो दर वेळी बंद-चालू होतो आणि ज्याच्यावर पोर्टफास्ट द्यायचं राहून गेलेलं असतं.